बुडवून राहिला होता

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, कोर्टातल्या गमतीजमती लिहा. वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं." सारी नोकरी न्यायाधीशाच्या खुर्चीत गेल्यावर गमती साठतातच. तेव्हा आधी एक गंमत सांगून त्यांची अट पुरी करते आणि मग मला जे लिहायचंय ते लिहिते.

भंडाऱ्याला अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश म्हणून माझी बदली झाली तेव्हा माझ्यापुढे आसगावकडच्या दोन सख्ख्या भावांचं अपील होतं. धानाच्या दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कुणी कोरला, एवढाच वाद. दोघं तारखेला एकाच बसने यायचे. आधी चढेल तो दुसऱ्यासाठी जागा धरायचा, आणि कोर्टाच्या आवारात शिरले की एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. एका तारखेला थोरला आलाच नाही. धाकट्याच्या वकिलांनी ताबडतोब अर्ज दिला की, अपील करणारा गैरहजर आहे, अपील फेटाळावं. तेवढ्यात मागून धाकटा स्वतःच उठून उभा राहिला.

"थांबा जी साहेब. दादाले बरं नाई. मीच त्याले दवाखान्यात भरती करून आलो. पुढची तारीख द्या."

वकिलांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी तारीख दिली. गंमत संपली.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. न्यायाधीशाला त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात नेमत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की, न्यायाधीश जिथे जाईल तिथे परका असतो. आम्ही कुणाच्या लग्नाला जात नाही, वकिलांच्या घरी हळदीकुंकवाला जात नाही, बाजारात फार वेळ उभं राहत नाही. उगाच कुणी म्हणायला नको की, मॅडम अमक्याशी बोलत होत्या. जवळजवळ साधूचं आयुष्य, फक्त आम्हाला कुणी नमस्कार मनापासून करत नाही.

माणसं परकी असतात तशी भाषाही. भंडाऱ्यात हजर झाले त्या दिवशी शिपाई आत येऊन म्हणाला, "मोठे साहेब येऊन राहिले." म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश. मी घाईने उठून बाहेर गेले. व्हरांड्यात कुणी नाही. मी विचारलं, "कुठे आहेत?" तो म्हणाला, "येऊन राहिले ना जी, अजून रस्त्यातच हायेत." आमच्याकडे येऊन राहिले म्हणजे आले आणि मुक्कामाला थांबले. इथे येऊन राहिले म्हणजे येत आहेत. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय, झोपून राहिलो म्हणजे झोपतोय. पुढच्या काही महिन्यांत हे माझ्या कानात इतकं बसलं की, सुट्टीत साताऱ्याला गेल्यावर आईला मी "चहा पिऊन राहिले" म्हणाले आणि तिने कप उचलून नेला. मी हसले होते. आता त्या प्रकाराचं हसू येत नाही.

खटला अड्याळच्या बाजूच्या एका गावचा होता. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. त्या गावाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव आहे. तलावातली मासेमारी ढीवर, म्हणजे परंपरेने मासे धरणाऱ्या, लोकांच्या संस्थेकडे होती, आणि तलावाखालचं बरंचसं शेत प्रभाकर नावाच्या माणसाचं. तो धानाचा व्यापारीही होता. गावात दुकान, घरी ट्रॅक्टर. उन्हाळी धानासाठी तो तलावाचं दार परस्पर उघडून पाणी नेई. पाणी फार उतरलं की मासळी तडफडून मरायची. संस्थेतर्फे त्याच्याशी भांडायला जाणारा माणूस म्हणजे देवाजी. तरणा, पट्टीचा पोहणारा, तोंडाने फटकळ. एका सकाळी देवाजीचं प्रेत तलावातून बाहेर काढलं आणि पोलिसांनी प्रभाकरला अटक केली.

पट्टीचा पोहणारा माणूस छातीएवढ्या पाण्यात बुडतो कसा, हा पहिला प्रश्न. डॉक्टरांनी मानेवर नखांच्या खुणा लिहिल्या होत्या. प्रभाकरचं म्हणणं असं की, मी शेताकडे चाललो होतो, देवाजी पाण्यात पालथा तरंगताना दिसला, मी उडी टाकून त्याला बाहेर काढायला गेलो. खुणा तेव्हाच्या.

डोळ्यांनी पाहणारी एकच व्यक्ती होती. देवाजीची बायको यमुना.

साक्ष कशी नोंदवतात ते बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. साक्षीदार बोलतो. ते ऐकून न्यायाधीश वाक्य तयार करतो आणि लघुलेखकाला सांगतो. तो ते टाइप करतो. शेवटी ते साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि त्याची सही नाहीतर अंगठा घेतात. म्हणजे कागदावर उतरतं ते बहुतेकदा न्यायाधीशाचं मराठी असतं. ढीवरीण असो की प्राध्यापक, कागदावर सगळे "मी सदर इसमास ओळखते" असंच बोलतात. मला हे कधी आवडलं नाही. मुख्य घटनेबद्दलची वाक्यं मी साक्षीदाराच्या तोंडची जशीच्या तशी घेत असे. कायद्यालाही ते पसंत आहे. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या नव्या न्यायाधीशांना मी हेच सांगत आले.

यमुना पिंजऱ्यात उभी राहिली. लहान चणीची, विशीतली बाई. खटला काही महिन्यांतच उभा राहिला होता, त्यामुळे अजून पोटुशी होती. मी खुर्ची द्यायला सांगितली तर म्हणाली, "उभीच सांगतो जी." इकडच्या काही बायका स्वतःबद्दल असंही बोलतात.

सरकारी वकिलांनी विचारलं, काय पाहिलंस?

"मी शिदोरी घेऊन पाळीवर आली. पाहतो तं थो त्याईले पान्यात बुडवून राहिला होता."

मी तेच वाक्य लिहून घेतलं. पाळ म्हणजे तलावाचा बांध, एवढं कंसात घातलं. मग मला वाटलं, खटला इथेच उभा राहणार किंवा पडणार आहे, तेव्हा आपणच एक प्रश्न विचारावा. न्यायाधीशाला तसा अधिकार असतो.

"तू पाहिलंस तेव्हा देवाजी जिवंत होता का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. जणू हे काय विचारायचं झालं.

"होते ना जी. हात हालवून राहिले होते."

आणि तिने स्वतःचे दोन्ही हात वर करून पाण्यावर आपटल्यासारखे हलवून दाखवले. मी तेही वाक्य जसंच्या तसं घेतलं, आणि साक्षीदाराने हातांची हालचाल करून दाखवली अशी नोंद केली.

आरोपीचे वकील पवनीकडचे. त्यांनी तासभर उलटतपासणी घेतली. तू तिथे नव्हतीसच, शिदोरीत काय होतं, पाळीपासून पाणी किती लांब, सगळं विचारलं. पण "बुडवून राहिला होता" म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. कशाला विचारतील? त्यांच्या स्वतःच्या घरात रोज हीच भाषा. त्या कोर्टात बसलेल्या एकूण एक माणसाला तिने काय सांगितलं ते कळलं होतं.

मी प्रभाकरला जन्मठेप दिली. निकालपत्रात एक परिच्छेद मुद्दाम घातला की, या भागातल्या बोलीत "करून राहिला" याचा अर्थ "करत होता" असा होतो, साक्षीदाराने ती क्रिया चालू असताना पाहिली, आणि तिने हातवारे करून दाखवलं त्यावरूनही ते स्पष्ट आहे. शिक्षा ऐकल्यावर प्रभाकर खाली बसला. यमुना मागच्या भिंतीला टेकून उभी होती. न्यायाधीशाने निकालानंतर प्रेक्षकांत पाहू नये, पण मी पाहिलं.

मग माझी बदली झाली, तिथून आणखी एकदा झाली. वर, उच्च न्यायालयात, अपील पडून होतं. काही वर्षांनी ते निघालं तेव्हा मी राज्याच्या दुसऱ्या टोकाला होते. निर्णय मी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचला आणि मग पूर्ण प्रत मागवली.

अपिलासाठी साक्षींचा इंग्रजी तरजुमा करतात. तो कुणी केला ते मला माहीत नाही. या भागातला माणूस नसावा. त्याने प्रमाण मराठीप्रमाणे प्रामाणिकपणे भाषांतर केलं होतं. यमुनाचं पहिलं वाक्य इंग्रजीत असं झालं की, आरोपी त्याला बुडवून झाल्यावर तिथे थांबला होता. आणि दुसरं, जे मी खात्री करून घ्यायला विचारलं होतं, ते असं झालं की, हात हलून थांबले होते.

तेव्हा निर्णय सरळ होता. साक्षीदार स्वतःच सांगते की, ती आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. तिने कृत्य पाहिलं नाही. पाण्यात उभा असलेला माणूस मारणारा असेल तसा वाचवणाराही असेल. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

माझ्या त्या परिच्छेदाची दखल घेतली होती. बोलीभाषेच्या अर्थाबद्दल पुरावा आलेला नाही, कुणी जाणकार तपासलेला नाही, आणि खालच्या न्यायाधीशांनी स्वतःचं ज्ञान पुराव्याच्या जागी वापरून एका अर्थी स्वतःच साक्षीदाराची भूमिका घेतली, अशी नाराजी व्यक्त केली होती.

कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर यात बोट ठेवायला जागा नाही. न्यायाधीशाने स्वतःच्या माहितीवर निकाल देऊ नये, हे मीही नव्यांना शिकवलं आहे. पण मराठी कोर्टात मराठी बाई मराठीत बोलली, तर तिच्या मराठीसाठी जाणकार साक्षीदार आणायचा, हे मला सुचलं नव्हतं. अजूनही पटत नाही. सरकारने पुढे दिल्लीला अपील केलं नाही. का नाही, ते कळायला मार्ग नाही. यमुनाने ते स्वतः करावं ही गोष्ट शक्यच नव्हती.

न्यायाधीशाला उत्तर देता येत नाही. त्याने जे काय बोलायचं ते निकालपत्रात, आणि निकालपत्र फिरवलं गेलं की त्याचं बोलणंही संपलं. मी कुणाला पत्र लिहिलं नाही, कुणाकडे गेले नाही. पुढे जिल्ह्याची प्रमुख म्हणून नेमणूक व्हायच्या वेळी माझ्यानंतरच्या दोघांची झाली. त्या ताशेऱ्यामुळे झाली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही, म्हणून तेही सोडते.

निवृत्तीनंतर साताऱ्याचं घर बंद करून मी जवाहरनगरला आले. जावई तिथल्या कारखान्यात अधिकारी आहेत, त्यांच्या क्वार्टरमध्ये मुलगी आणि मी. कॉलनी शांत, झाडं भरपूर, सकाळ-संध्याकाळ कारखान्याच्या बसगाड्या. ज्या जिल्ह्यात मला बाजारात उभं राहता येत नव्हतं, त्याच जिल्ह्यात आता मी पिशवी घेऊन हिंडते. मुलगी अड्याळच्या बाजाराला निघाली तेव्हा मीही गाडीत बसले. खरं सांगायचं तर मासळी हे निमित्त होतं.

मासळीच्या ओळीत मी हळूहळू चालत होते. मी शोधत असलेल्या बाईने मला आधी ओळखलं.

"तुमी भंडाऱ्याच्या साहेब ना?"

यमुना. केस पांढरे व्हायला लागले होते. पुढ्यात धरणावरून विकत आणलेली मासळी. गावच्या तलावाचं विचारलं तर म्हणाली, संस्था मोडली, तलाव आता दुसऱ्यांकडे आहे. तिने एका गिऱ्हाइकाला मासळी कापून दिली, हात धुतले, आणि मग मला विचारलं.

"मॅडम, एक इचारू काय? मी मराठीतच बोलली होती ना?"

"हो, यमुनाबाई."

"तुमाले समजलं होतं ना?"

"सगळं समजलं होतं."

"मंग थो सुटला काहून?"

मी बाजारात तिच्याजवळ पोत्यावर बसून तिला समजावलं. वरच्या कोर्टात भाषांतर होतं, तिथे तुमचं वाक्य वेगळं झालं. ती ऐकत राहिली. नवीन काहीच नव्हतं तिला. प्रभाकर सुटून आला तेव्हा त्याच्या वकिलांनीच गावात सगळं रंगवून सांगितलं होतं. वाजंत्री लावून मिरवणूक निघाली. आणि तेव्हापासून रस्त्यात दिसली की प्रभाकर तिला मुद्दाम हाक मारून विचारायचा, "काय यमुना, पानी भरून राहिली काय?" दुकानावरची माणसं हसायची. गावातले सगळे तसंच बोलतात, तरी हसायची.

"घरचे बी मलेच बोलतेत," ती म्हणाली. "देर म्हनते, तुह्याच बोलन्यानं थो सुटला. एक शब्द धड बोलता आला नाई तुले. त्या दिवसापासून बोलत नाई माह्यासंग. पोरगी पवनीले कॉलेजात जाते. थे म्हनते, आई, बुडवत होता म्हनाचं होतं. मी म्हटलं, बाई, मी जे पायलं थे सांगतलं."

पोरगी म्हणजे तीच. खटल्याच्या वेळी पोटात होती.

मग तिने मला एक काम सांगितलं. नोकरीत मला पुष्कळांनी कामं सांगितली, बहुतेक न करण्यासारखी. हे करण्यासारखं होतं. "तुमी एक डाव घरी येऊन देराले सांगा ना जी. तुमचं आयकन थो."

मुलीला अड्याळला थांबवून मी यमुनाबरोबर बसने गावी गेले. तिचा दीर श्रावण अंगणात बसला होता. देवाजीचा धाकटा भाऊ. मी कोण ते कळल्यावर तो उठला, घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली, गमछ्याने पुसली आणि स्वतः जमिनीवर बसला. यमुना दाराच्या आत उभी राहिली.

मी आयुष्यात इतकं सोपं निकालपत्र कधी दिलं नव्हतं. मी म्हणाले, "श्रावणभाऊ, तुमच्या वहिनी खरं बोलल्या, आणि स्पष्ट बोलल्या. त्यांच्या जागी कुणीही असता तरी याहून नीट सांगू शकला नसता. मला प्रत्येक शब्द कळला. त्यांच्या शब्दावर मी त्याला जन्मठेप दिली होती. तो सुटला यात त्यांची काही चूक नाही."

तो खाली मान घालून ऐकत होता. मी थांबल्यावर काडीने मातीत रेघा ओढू लागला.

"तुमी म्हनता तं खरंच असन, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "पन तुमी तं न्यायाधीश होत्या. तुमाले समजलं, तुमी लिहून बी देल्लं. तरी तुमचं कोनी आयकलं नाई. मंग हिनं बोलूनच काय फायदा झाला? न बोलती तं भाऊ बुडून मेला म्हनून रडलो असतो अन् गप बसलो असतो. आता थो आमच्यावर हासते."

युक्तिवाद संपल्यावर दोन्ही बाजूंचे वकील न्यायाधीशाकडे पाहतात, तसा तो माझ्याकडे पाहत होता.

मग तो दाराकडे न पाहताच म्हणाला, "वयनी, मॅडमसाठी चाय ठेव."

चहा झाला. फार गोड. कॉलेजातली मुलगी घरी नव्हती, म्हणून ती मला भेटली नाही.

यमुनाबाई मला बसथांब्यापर्यंत पोचवायला निघाल्या. थोडं अंतर चालल्यावर हळूच म्हणाल्या, "आज त्यानं मले वयनी म्हटलं." माझ्या निकालाने नाही, वरच्या कोर्टाच्या निर्णयानेही नाही, चहा ठेवायच्या निमित्ताने त्यांना एवढं मिळालं होतं, आणि त्या माझे आभार मानत होत्या. मला ते आभार घेववेनात.

थांब्याच्या अलीकडे प्रभाकरचं दुकान. तो बाहेर खुर्ची टाकून बसला होता. म्हातारा झालाय. मला ओळखून तो उठला आणि त्याने दोन्ही हात जोडले. "नमस्कार मॅडम. कधी आल्या?" आवाजात कुचेष्टा नव्हती. कायद्याने तो निर्दोष माणूस आहे, आणि निर्दोष माणसाचा नमस्कार न घेण्याचं कारण मला कुठल्या कलमात दाखवता येणार नाही. तरी मी हात जोडले नाहीत.

यमुनाबाईंनी मात्र चाल मंद केली नाही की वाढवली नाही. मासळीची पाटी घेऊन त्या रोज सकाळी तिथूनच जातात आणि संध्याकाळी तिथूनच येतात. बसला जायला त्या गावात दुसरा रस्ता नाही.